साहेब, टेंडरमध्ये कोच कुठंय? – पालिकेच्या पोहण्याच्या तलावावरच्या एका कोचचं खुलं पत्र

मा. आयुक्त साहेब, क्रीडा विभागाचे उपायुक्त साहेब आणि त्या दिवशी सभागृहात हा विषय चार मिनिटांत मंजूर करणारे सगळे सन्माननीय सदस्य,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी आधी रीतसर आवक-जावकला दिलं होतं. एकदा नाही, तीन वेळा. तिन्ही पोच आहेत माझ्याकडे, निळ्या शिक्क्याच्या. उत्तर एकाचंही नाही. म्हणून आता सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. शहराचं नाव मुद्दाम टाकलेलं नाही, कारण नाव टाकलं की बाकीचे म्हणतात तिकडचं ते तिकडे, आणि मला पक्कं माहितीये की वाचणाऱ्या निम्म्या लोकांना हे आपल्याच तलावाबद्दल चाललंय असं वाटणार आहे.

विषय तुम्हाला ठाऊकच आहे. आपला तलाव पाच वर्षांसाठी ठेकेदाराला चालवायला द्यायचा ठराव. मी टेंडरचे कागद डाउनलोड केले आणि एका रविवारी बसून सगळे वाचले, सत्तेचाळीस पानं. जीवरक्षक किती पाहिजेत ते लिहिलंय. पंप ऑपरेटर, सफाईवाले, वॉचमन, पार्किंगचे दर, कॅन्टीनचा गाळा किती बाय किती, फ्लेक्स कुठल्या भिंतीला लावायचे, सगळं आहे. कोच हा शब्द नाही. एका ठिकाणी 'पोहणे शिकविणारा इसम' असं आहे आणि त्याच्या पात्रतेच्या रकान्यात 'पोहता येणे आवश्यक'. आधी मी हसले, खरंच हसले, नवऱ्याला हाक मारून वाचून दाखवलं. मग रात्री झोप लागेना.

मी कोण ते सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

१९८९ च्या मे महिन्यात, आठ वर्षांची असताना मी याच तलावात पहिल्यांदा उतरले. त्याआधी मामाच्या गावी विहिरीत पाठीला डबा बांधून पोहले होते, त्यामुळे मला वाटायचं आपल्याला येतं. पहिल्याच दिवशी नाकातोंडात पाणी जाऊन बाहेर काढावं लागलं. वडील एसटीत कंडक्टर, पहाटेची ड्युटी असली की जाताना मला गेटवर सोडायचे आणि सरांना म्हणायचे, घ्या तुमच्या ताब्यात. सर म्हणजे आमचे कोच. स्वतः त्यांच्या काळातले राज्य पातळीचे पोहणारे, नोकरी पाणीपुरवठ्यात, आणि पहाटे साडेचार ते सात तलावावर. त्याचे पैसे त्यांना कुणी कधी दिले का, मला माहीत नाही, मी विचारलं नाही आणि ते बोलणाऱ्यातले नव्हते.

एक गोष्ट सांगते, लांबण लागेल पण सांगते. बारा वर्षांची असताना राज्य स्पर्धेत १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकला मी पहिली आले आणि बाद झाले. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये टर्नला आणि फिनिशला दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागावे लागतात, माझा उजवा जरा आधी लागला. पंचांनी हात वर केला, संपलं. मी रडून रडून डोळे सुजवले, सर एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे तलावावर गेले तर म्हणाले, आज पोहायचं नाही, फक्त भिंतीला हात लावायचा. पाच मीटरवरून यायचं, हात लावायचा, परत जायचं. स्वतः काठावर उकिडवे बसले, डोळे मिटून. मी विचारलं सर, बघत नाही का, तर म्हणाले बघायचं काय त्यात, ऐकतोय. दोन्ही हात बरोबर लागले तर एकच आवाज येतो, ठप्. मागेपुढे झाले तर ठप-ठप. ठप-ठप आला की परत. त्या दिवशी मी किती वेळा भिंतीला हात लावला असेल देव जाणे, पण त्यानंतर उभ्या आयुष्यात टचवरून बाद झाले नाही.

'पोहता येणे आवश्यक' या पात्रतेत हे कुठं बसतं ते मला सांगा.

पुढं मी सहा वेळा महाराष्ट्राकडून नॅशनलला गेले. दोन ब्राँझ, रिलेचं एक सिल्व्हर. ऑलिंपिक-बिलिंपिक नाही, कपाटावर ठेवण्याइतपत मेडल्स आहेत आणि ती आता काळी पडलीत. बाविसाव्या वर्षी खांदा गेला, लग्न झालं, दोन वर्षं एका ऑफिसात बिलं बनवली. सर गेले तेव्हा त्यांच्या तेराव्याला जमलेल्या आम्हा पोहणाऱ्यांमध्ये कुणीतरी सहज म्हणालं की आता तलावावर कोण उभं राहणार. २००७ पासून मी उभी आहे. कोचिंगचा डिप्लोमा पदरच्या पैशांनी केला. अकरा महिन्यांचा करार, मग एक दिवसाचा ब्रेक, मग परत अकरा महिने. पगार किती आणि किती महिने उशिरा येतो ते इथं लिहित नाही, तुमच्याच अकाउंट विभागात विचारा. त्यावर माझी आज तक्रार नाही, होती तेव्हा केली नाही आणि आता वेळ गेली.

तक्रार आहे ती वेगळी. एकेक सांगते.

पहिली म्हणजे हीच, की पोहता येणं आणि पोहायला घडवणं यातला फरक तुमच्या कागदात कुठंच नाही. तुम्ही म्हणाल, मॅडम स्वतःच्या नोकरीसाठी रडतायत. रडतेच आहे, पण नुसती स्वतःच्या नाही, म्हणून जरा जुन्या गोष्टी काढते.

सचिन नाग हे नाव तुमच्यापैकी कितीजणांनी ऐकलंय? तेंडुलकर नाही, नाग. जन्म बनारसचा, १९२० सालचा, गंगेत पोहायला शिकलेला माणूस, नंतर कलकत्त्याला हाटखोला क्लबात आला. १९४७ मध्ये कलकत्त्यात पायाला गोळी लागली आणि पुढच्याच वर्षी हा माणूस लंडन ऑलिंपिकला पोहला, वॉटरपोलोही खेळला आणि चिलीविरुद्ध चार गोल मारले. १९५१ ला दिल्लीत पहिलं एशियाड झालं, त्यात १०० मीटर फ्रीस्टाइलचं सोनं त्यांचं, वेळ १ मिनिट ४.७ सेकंद. पोहण्याच्या शर्यतीत एशियाडचं भारताचं दुसरं सोनं २०२३ च्या हांगझोऊ एशियाडपर्यंत तरी आलेलं नाही. सत्तर वर्षं होऊन गेली साहेब.

पण मला त्यांचं सोनं नाही सांगायचं. मला सांगायचंय ते त्यांच्या दुसऱ्या कामाबद्दल. एक चार-पाच वर्षांची पोरगी होती, काका तिला घाटावर आंघोळीला न्यायचे, तिथं ती पाण्यात रमली म्हणून वडिलांनी तिला त्याच हाटखोला क्लबात घातलं. नाग यांनी तिला हेरलं आणि शिकवायला घेतलं. आरती साहा तिचं नाव. १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकला गेली तेव्हा वय अकरा, २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक (माझा इव्हेंट, म्हणून जरा जास्तच जीव), आणि आपल्या मुंबईची डॉली नझीर त्याच टीममध्ये होती. पुढं १९५९ च्या ऑगस्टमध्ये तिनं इंग्लिश खाडीचा पहिला प्रयत्न केला तो फसला, पण महिन्याभरात परत उतरली आणि २९ सप्टेंबरला १६ तास २० मिनिटांत खाडी पार केली. आशियातली पहिली बाई. पुढच्या वर्षी पद्मश्री. आता मला सांगा, एका क्लबाच्या तलावात डुंबणाऱ्या लहान पोरीच्या अंगात हे आहे हे कुणाला दिसलं? जो स्वतः शर्यतीत उतरलेला होता त्याला. तिकीट फाडणाऱ्याला दिसलं नसतं, आणि त्यात तिकीट फाडणाऱ्याचा काही दोष नाही.

आणि सरकारनं नाग यांची दखल कधी घेतली? ते वारले १९८७ ला, ध्यानचंद जीवनगौरव मिळाला २०२० ला. तेहतीस वर्षांनी. वरातीमागून घोडं पण इतक्या उशिरा निघत नाही.

बरं ते कलकत्ता, ते जुनं. आपल्याकडचं घ्या. वीरधवल खाडे कोल्हापूरचा पोरगा. सोळाव्या वर्षी २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला गेला. २०१० ला ग्वांगझूच्या एशियाडमध्ये ५० मीटर बटरफ्लायला ब्राँझ, आणि त्याआधीचं पोहण्यातलं मेडल म्हणजे खजानसिंगचं १९८६ चं सिल्व्हर, मध्ये चोवीस वर्षं कोरडी. तर हा कोल्हापूरचा पोरगा तयारीला कुठं गेला, बंगळुरूला. कुणाकडे, तर निहार अमीन यांच्याकडे, जे स्वतः स्पर्धेत पोहलेले आणि मग आयुष्य काठावर काढलेले, २०१५ ला त्यांना द्रोणाचार्य मिळाला. कोल्हापुरात पाणी नव्हतं का? पंचगंगा आहे, तलाव आहेत, रांगडी पोरं आहेत. नव्हता तो काठावरचा माणूस, किंवा असेल तर त्याला कुणी तिथं टिकू दिलं नसेल. गेल्या वेळी पॅरिस ऑलिंपिकला भारताकडून पोहायला दोघं होते, श्रीहरी नटराज आणि चौदा वर्षांची धिनिधी देसिंघू. दोघंही बंगळुरूचे. हा योगायोग वाटत असेल तर तुम्हाला शुभेच्छा.

तिथलीच निशा मिलेट. लहानपणी बुडता बुडता वाचलेली पोरगी, पाण्याची भीती जावी म्हणून वडिलांनी पोहायला घातली आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकला २०० मीटर फ्रीस्टाइल पोहली. पोहणं थांबल्यावर काय केलं, तर कोच झाली, अकादमी काढली. ज्याला पाण्याची भीती माहीत आहे तो शिकवतो तेव्हा पोराचा घट्ट धरलेला काठ कसा सोडवायचा हे त्याला कळतं. पण ती स्वतःच्या हिमतीवर काढलेली अकादमी आहे, ज्याला फी परवडते तो जातो. पालिकेच्या तलावावर माझ्याकडे येतात ती पोरं वडापावच्या गाडीवाल्याची, रिक्षावाल्याची, तुमच्याच घनकचरा विभागातल्या मुकादमाची. त्यांनी कुठं जायचं?

आणि वीरधवलचं पुढं आपण काय केलं तेही बघा. नोकरी दिली, चांगली दिली, तहसीलदार केलं, त्याबद्दल सरकारचे आभारच. पण त्यात मधली किती वर्षं पाण्याबाहेर गेली. परत आला आणि २०१८ ला जकार्ताच्या एशियाडमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलच्या फायनलमध्ये २२.४७ सेकंद पोहला. ब्राँझवाल्याची वेळ २२.४६. एक शतांश सेकंद. माणसाची पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. मधली वर्षं पाण्यात गेली असती तर काय झालं असतं हे आता कुणीच सांगू शकत नाही, पण प्रश्न पडतो की नाही? आपल्याकडे खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, माझ्या हाताखालून गेलेली तीन पोरं त्यातून लागली, एक पोलिसात, एक तलाठी, एक वनखात्यात. तिघांचंही चांगलं झालं, मी पेढे खाल्ले. पण जो माणूस दहा वर्षं पाण्यात राहून जे शिकला ते दुसऱ्याला शिकवायला त्याला बसवावं असं एकाही साहेबाला सुचलं नाही. सातबारा काढायला पोहता यावं लागत नाही.

ही झाली पहिली तक्रार, जरा लांबलीच.

दुसरी, वेळेची. नव्या वेळापत्रकात पहाटे पाच ते सात 'प्रीमियम मेंबरशिप बॅच' आहे आणि संध्याकाळी सहा ते आठ 'फॅमिली बॅच'. स्पर्धेची पोरं कुठं आहेत, तर दुपारी दोन ते साडेतीन. दुपारी दोनला पोरं शाळेत असतात, साहेब. आणि मे महिन्यात दुपारी दोनला उघड्या तलावाच्या काठावर तुम्ही अनवाणी पाच मिनिटं उभे राहून दाखवा, मी लगेच हे पत्र मागे घेते.

तिसरी गोष्ट पैशांची, ती थोडक्यात. आत्ता स्पर्धेच्या पोरांना महिन्याचा पास सहाशे रुपये आहे. नवा दर चोवीसशे. वडापावची गाडी लावणाऱ्या बापाला विचारा चोवीसशे म्हणजे काय. त्याची मुलगी तेरा वर्षांची आहे, ब्रेस्टस्ट्रोक करते. २५ मीटरला तिला चौदा स्ट्रोक लागायचे, दीड वर्ष घासून आम्ही ते अकरावर आणलेत. मी काही मोठं केलं नाही, फक्त तिला पाय मारून झाल्यावर थांबायला शिकवलं. पोहणाऱ्यांना कळेल, पाय मारून झाल्यावर अंग सरळ बाणासारखं करून जे घसरत जायचं असतं ते तिला सहन व्हायचं नाही, वाटायचं आपण थांबलो म्हणजे मागे पडलो. आता टचला तिचाही एकच आवाज येतो. मागच्या आठवड्यात तिची आई विचारत होती, ताई, एक तारखेपासून बंद करू का हिचं?

चौथी तक्रार मला लिहायचीच नव्हती, पण लिहावी लागतेय कारण ती जिवाशी आहे. गेल्या उन्हाळ्यात 'प्रायोगिक तत्त्वावर' दोन महिने ठेकेदारी झाली होती, आठवतं? कोण ठेकेदार होता त्याचं नाव मी घेत नाही, तो माणूस वाईट नव्हता, त्याला कळत नव्हतं एवढंच. पंचेचाळीस मिनिटांची बॅच, उथळ भागात साठ पोरं, आणि त्या साठांवर शिकवायला एक आणि लक्ष ठेवायलाही तोच एक. शिकवणारा आणि जीवरक्षक एकच माणूस असू शकत नाही हो. मी एखाद्या पोराचा पाय हातात धरून किक दाखवत असते तेव्हा माझी पाठ बाकीच्या सगळ्यांकडे असते. आणि बुडणारं माणूस सिनेमातल्यासारखं ओरडत नाही, आवाज न करता खाली जातं.

त्यात त्या 'इसमा'नं एक दिवस पोरांची पाण्याखाली श्वास कोंडायची स्पर्धा लावली. आधी जोरजोरात वीस श्वास घ्यायला लावले, म्हणे त्यानं दम वाढतो. दम वाढत नाही. असे भसाभस श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि श्वास घ्यावासा वाटतो तो त्याच्यामुळे, ऑक्सिजन कमी झाल्यामुळे नाही. म्हणजे पोराला आतून घंटा वाजतच नाही, त्याला वाटतं आपण मस्त आहोत आणि तो पाण्याखालीच बेशुद्ध होतो. मी त्या दिवशी तिथं फक्त माझी शिट्टी आणायला गेले होते, माझी ड्युटी नव्हती. एक दहा वर्षांचा मुलगा तळाशी बसलेला दिसला, बाकीची पोरं वर येऊन टाळ्या वाजवत होती, त्यांना वाटत होतं हा जिंकतोय. मी सलवार-कमीजवर सूर मारला. पोरगं वाचलं, खोकलं, ओकलं, रडलं, घरी गेलं. रिपोर्ट लिहून दिला मी. तो रिपोर्ट कुठल्या फाइलला लागलाय ते आजतागायत कळलेलं नाही.

पाण्याचंही तेच. तेव्हा पोरांचे डोळे लाल व्हायला लागले, आया भांडायला आल्या, तर उत्तर काय मिळालं, 'क्लोरीन भरपूर टाकलंय ताई, म्हणजे पाणी एकदम स्वच्छ'. उलटं असतं. तो जो झोंबणारा उग्र वास येतो तो चांगल्या क्लोरीनचा नसतो, घाम आणि लघवी क्लोरीनमध्ये मिसळून जे तयार होतं त्याचा असतो. म्हणजे वास आला की समजायचं पाणी खराब झालंय, फिल्टर नीट चालवा, ताजं पाणी घाला आणि पोरांना आधी शॉवर घ्यायला लावा. पीएच ७.२ ते ७.८ च्या मध्ये पाहिजे, त्याच्या वर गेला की टाकलेलं क्लोरीन नीट काम करत नाही. आपला जुना पंप ऑपरेटर दहावी नापास आहे पण तो रोज पहाटे बाटलीत पाणी घेऊन थेंब टाकून रंग बघायचा आणि वहीत लिहायचा. ती वही प्रायोगिक तत्त्वाच्या पहिल्याच दिवशी बंद झाली.

आणखी एक आहे, ते तुमच्या डोक्यात येणं अवघड आहे म्हणून सांगते. आपल्या तलावावर स्पर्धेची एकवीस मुलं आहेत, त्यात तेरा मुली. हे असं आपोआप होत नाही. अकरा-बारा वर्षांची झाली की घरचे मुलीचं पोहणं बंद करतात, कॉश्च्यूम, चार लोक बघतात, पाळी, हजार कारणं. तेव्हा मी घरी जाते, चहा पिते, आजीशी बोलते. काठावर बाई आहे म्हटल्यावर आजी निम्मी तयार होते. पाळी सुरू झाली की पोरगी मला येऊन सांगते, कुणा दादाला सांगणार नाही. तुमच्या सत्तेचाळीस पानांत महिला कर्मचारी फक्त चेंजिंग रूमच्या सफाईला आहे.

आता मागण्या. जास्त नाहीत आणि कुठलीही हवेतली नाही.

करारावर सही व्हायच्या आधी टेंडरमध्ये कोचची दोन पदं घाला आणि पात्रता नीट लिहा: किमान राज्य पातळीवर स्पर्धेत पोहलेला, कोचिंगचा डिप्लोमा किंवा मान्यताप्राप्त सर्टिफिकेट असलेला, आणि दोघांपैकी निदान एक महिला. ती महिला मीच असावी असं नाही. खरंच नाही. माझ्यापेक्षा चांगली मिळाली तर मी तिला स्टॉपवॉच देऊन मोकळी होईन. करार अकरा महिन्यांचा नको, तीन वर्षांचा तरी करा, कारण पोरगं पोहायला लागल्यापासून नॅशनलला जाईपर्यंत पाच-सहा वर्षं जातात आणि मध्ये तीन कोच बदलले की ते पोरगं संपतं.

जीवरक्षक वेगळा, शिकवणारा वेगळा. यात घासाघीस करू नका, बाकी सगळ्यात करा.

पहाटे पाच ते सात आठपैकी चार लेन स्पर्धेच्या मुलांना द्या. सगळा तलाव नको, चारच लेन. उरलेल्या चारात तुमचे प्रीमियम मेंबर खुशाल पोहू देत, उलट आमची पोरं बघून त्यांचंही पोहणं सुधारेल. फी सहाशेच ठेवा, आणि ठेकेदाराला त्यात तोटा होत असेल तर कॅन्टीनच्या भाड्यातून भरून काढा, त्याचा हिशोब मी मांडून दिलाय, तिसऱ्या पत्राला जोडलाय.

पाण्याची वही परत सुरू करा आणि रोजचे आकडे गेटवरच्या फळ्यावर लिहा. खडूनं लिहिले तरी चालेल, अॅप नको.

खेळाडू कोट्यातून आपल्या पालिकेत लागलेले जे पोहणारे आहेत, कर विभागात एक आहे, अग्निशमनमध्ये दोघं आहेत, त्यांना विचारा की तलावावर यायची इच्छा आहे का. आदेश काढू नका, आधी विचारा.

आणि गेल्या उन्हाळ्यातल्या त्या घटनेचा माझा रिपोर्ट शोधा आणि त्यावर काय केलं ते लेखी कळवा.

मला माहितीये तुमच्याकडे दहा विषय असतात, रस्ते, पाणी, कचरा, डेंग्यू. तलाव तोट्यात आहे हेही खरं आहे, मी नाकारत नाही. मागच्या तीन वर्षांत दोनदा मोटर जळली तेव्हा पालकांनी वर्गणी काढून रिवाइंडिंग करून आणलंय, पावत्या आहेत. ठेकेदारीला माझा विरोध नाही हे परत एकदा लिहिते, नाहीतर उद्या पेपरात 'कोचचा खासगीकरणाला विरोध' असं यायचं. तलाव कुणी का चालवेना, पण चालवायचं म्हणजे नुसतं पाणी भरून ठेवायचं का, एवढं ठरवा.

येत्या सोमवारी दुपारी बारा वाजता मी आणि चौदा पालक आपल्या केबिनबाहेर येऊन बसणार आहोत. घोषणा नाहीत, बॅनर नाही. वेळ दिलीत तर आत येऊ, नाही दिलीत तर पाचपर्यंत बसू आणि मंगळवारी परत येऊ. मुलांना आणणार नाही, त्यांची शाळा आहे.

कळावे,

आपली,
पालिकेच्या तलावावरची कोच
(करार संपायला अजून एकोणीस दिवस आहेत)

ता. क. – सहा लेन रोप आणि बॅकस्ट्रोकचे झेंडे जुन्या पंपरूमच्या मागच्या खोलीत गुंडाळून ठेवलेत. त्यातले दोन रोप पालकांच्या पैशांचे आहेत. नवा माणूस येईल त्याला सांगा, रोप उन्हात पसरून ठेवू नका, प्लॅस्टिकच्या चकत्या तडकतात. आणि झेंडे भिंतीपासून बरोबर पाच मीटरवर बांधायचे, अंदाजानं नाही. उलटं पोहणारं पोरगं ते झेंडे बघून स्ट्रोक मोजतं, चुकले तर डोकं भिंतीवर आपटतं. मोजायचा टेप माझ्या कपाटात आहे, किल्ली वॉचमनकडे.